इमारतींची देखभाल: सेन्सर आले, डॅशबोर्ड आले, तरी सिलेक्टर 'हँड'वरच का?

तिसरी_पाळी

कार्यालय, रुग्णालय, मॉल, काहीही असो. मोठी इमारत चालवणाऱ्यांना सध्या सगळीकडून तेच ऐकावं लागतं: सेन्सर लावा, बिघाड आधीच ओळखा, वीज वाचवा, कंत्राट माणसं मोजून नको, निकालावर द्या. यात खोटं काहीच नाही. पण प्लँट रूममध्ये उतरलं की पडद्यावर सगळं हिरवंगार आणि पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच 'हँड'वर (म्हणजे 'ऑटो' सोडून हाताने चालवण्यावर), हे सर्रास दिसतं.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण सविस्तर घेतो. एएचयूच्या (हवा थंड करून डक्टमधून मजल्यावर पाठवणारं यंत्र) पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवला. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज ०.८ × ०.८ × ०.८ = साधारण ५१ टक्के. मग बिल का उतरत नाही? डक्टमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी निसटलेली किंवा चेपलेली असते. दाब शून्य दिसतो आणि कंट्रोलर बिचारा पंखा पूर्ण वेगावर नेतो. मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. रात्रीचा तंत्रज्ञ सिलेक्टर हँडवर टाकून वेग हाताने कमी करून ठेवतो. आवाज थांबला, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. नळी तशीच. आता हँडवर असल्यामुळे वेळापत्रक लागू होत नाही, पंखा रात्री आणि सुट्टीलाही फिरत राहतो. पडद्यावर 'चालू, सामान्य'.

यावर नवं सॉफ्टवेअर लागत नाही. बहुतेक पॅनेलमध्ये ऑटो/हँड स्थितीचा मोकळा काँटॅक्ट असतो, फक्त तिथून बीएमएसपर्यंत (इमारतीतली यंत्रं एका पडद्यावरून चालवणारी संगणक प्रणाली) वायर ओढलेली नसते. ती ओढली की रोज सकाळी 'हँडवर असलेली यंत्रं' एवढी एकच यादी काढता येते. शिवाय बीएमएसवरच्या प्रत्येक ओव्हरराइडला (आपोआप चालणं मोडून हाताने दिलेली आज्ञा) मुदत घालावी. ८ तासांनी आपोआप सुटेल, पुन्हा लावायचा तर कारण लिहावं लागेल.

तर प्रश्न असा: नव्या गोष्टींतलं काय खरंच टिकतं, आणि जे पडतं ते नेमकं कुठे पडतं? आकडे आणि भाग यांच्यासकट लिहा.

खतावणी

पडतं ते यादीत. नकाशावर 'एएचयू-३-०२', पॅनेलवर 'एएचयू ५', बीएमएसमध्ये तिसरंच नाव. या तिघांची सांगड न घालता सॉफ्टवेअर घेतलं की देखभालीचा इतिहास भलत्याच यंत्राच्या नावावर चढत जातो.

पहिल्या फेरीत सगळं भरायला जाऊ नका. बंद पडल्यावर काय थांबतं, या एका प्रश्नावर यंत्रांचे तीन गट पाडा. पहिल्या गटाची नोंद पूर्ण हवी: बनावट, मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता, जागा, कोणत्या ब्रेकरवरून वीज येते आणि कोणत्या व्हॉल्व्हने पाणी बंद होतं. शेवटचे दोन रकाने हमखास कोरे असतात आणि नेमके तेच मध्यरात्री पाइप फुटल्यावर लागतात. तिसऱ्या गटातले छोटे फॅन कॉइल (खोलीपुरती हवा थंड करणारी युनिटं) मजल्यागणिक एक नोंद करून टाका, चालतं.

क्यूआर स्टिकर दारावर किंवा निघणाऱ्या पत्र्यावर लावू नका. दुरुस्तीत दोन यंत्रांची दारं अदलाबदल होतात. सांगाड्यावर लावा, जमलं तर रिव्हेट केलेली पट्टी.

चेकलिस्टमध्ये 'बेल्ट तपासा' असं लिहिलं की समोर फक्त बरोबरची खूण येते. 'मोटरचा करंट: __ अँपिअर', 'फिल्टरवरचा दाबफरक: __ पास्कल' असं विचारा आणि मर्यादेबाहेरचा आकडा आला की सॉफ्टवेअरने थांबवून शेरा मागावा. महिनाभर रोज २४ अँपिअर दिसत असेल तर कोणी यंत्रापर्यंत गेलेलंच नाही, हे उघड आहे.

जुना_पाना

कंपनाच्या सेन्सरबद्दल लिहितो, कारण 'बिघाड आधीच ओळखा' म्हणजे बहुतेक वेळा हेच विकलं जातं.

जागा चुकली तर सगळं वाया. सेन्सर बेअरिंगच्या घरावर हवा. मोटरच्या मागच्या पत्र्याच्या झाकणावर लावला तर तो पत्र्याचा थरथराट मोजतो. चुंबकाने चिकटवलेला सेन्सर वरच्या वारंवारिता नीट पकडत नाही आणि बेअरिंगच्या बिघाडाची पहिली चाहूल तिथेच लागते. जमेल तिथे स्टडने बसवा, तेही रंग खरवडून सपाट केलेल्या जागेवर.

आयएसओ १०८१६-३ (२०२२ पासून त्याच्या जागी २०८१६-३) या कंपनाच्या मानकाप्रमाणे १५ ते ३०० किलोवॅटचं यंत्र पक्क्या पायावर असेल तर १.४ मिमी/सेकंदपर्यंत नव्यासारखं, २.८ पर्यंत बिनधास्त चालू द्या, ४.५ पर्यंत थोडे दिवस, त्यापुढे नुकसान. स्प्रिंगवर बसवलेल्या यंत्राला हेच आकडे २.३, ४.५ आणि ७.१. एकदाच काढलेल्या आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. १.१ वरून तीन आठवड्यांत २.२ झालेला पंप वर्षानुवर्षं ३.० वर बसलेल्या पंपापेक्षा जास्त काळजीचा.

आणि सेन्सरच्या आधी ग्रीस! बेअरिंग कमी ग्रीसने जातात तशी जास्त ग्रीसनेही जातात, गरम होऊन. साधं सूत्र आहे: बाहेरचा व्यास × रुंदी (दोन्ही मिमीत) × ०.००५ = ग्रॅम. ६३०९ बेअरिंगला १०० × २५ × ०.००५ = १२.५ ग्रॅम. तुमच्या गनच्या एका दाबात किती ग्रॅम येतं ते वजनकाट्यावर एकदा मोजा आणि गनवरच लिहून ठेवा. भरताना खालचा ड्रेन प्लग उघडा ठेवायचा आणि नंतर जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत यंत्र थोडा वेळ तसंच चालवायचं. मोटर बनवणाऱ्याने पॉलियुरिया प्रकारचं ग्रीस भरलेलं असेल आणि तुम्ही वरून लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचं मारलंत, तर बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन गळून जातात. मग सेन्सर बिघाड अगदी वेळेवर ओळखतो, पण बिघाड आपणच केलेला असतो.

नवा_सुपरवायझर

वाचतोय. थंड पाण्याच्या बाजूला काय बघावं? आमच्याकडे लोड अर्धाच असतो तरी दुसरा चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) लावावा लागतो.

थंड_पाणी

@नवा_सुपरवायझर, हा आजार जुनाच आहे. पुरवठा आणि परतीच्या तापमानातला फरक कमी पडणं. जरा लांबण लागेल.

बहुतेक प्लँट ७ अंश पुरवठा, १२ ते १३ परत, असे आखलेले असतात. थंडावा (किलोवॅट) = ४.१९ × प्रवाह (लिटर/सेकंद) × तापमानफरक. १,००० किलोवॅटसाठी फरक ५.५ असेल तर ४३ लिटर/सेकंद पुरतात. तोच फरक ३ वर आला की जवळजवळ ८० लागतात. पहिल्या चिलरमधून तेवढं पाणी जात नाही, म्हणून लोड नसताना निव्वळ प्रवाहासाठी दुसरा चिलर आणि पंप लागतो.

सोय नसेल तर तात्पुरते खिशातले थर्मामीटर लावून डीकपलर पाइपचं (पुरवठा आणि परत जोडणारा आडवा पाइप) तापमान बघा. त्यात परतीचं पाणी उलटं पुरवठ्याकडे वाहत असेल तर इमारतीला ७ ऐवजी ९ अंशांचं पाणी जातंय. मग एएचयूचे व्हॉल्व्ह आणखी उघडतात, आणखी पाणी मागतात, फरक आणखी पडतो.

मूळ मात्र एएचयूपाशी असतं. मोठ्या एएचयूपासून सुरुवात करा. बीएमएसवरून व्हॉल्व्हला ० टक्के आज्ञा द्या, पंखा चालू ठेवा, २० मिनिटं थांबा. कॉइलच्या (थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या) आधीची आणि नंतरची हवा जवळपास एकाच तापमानाची झाली पाहिजे, पंख्याच्या उष्णतेमुळे उलट किंचित गरम. नंतरची हवा २-३ अंश थंडच राहिली तर व्हॉल्व्ह बंद होऊनही पाणी सोडतोय. ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी मोटर) कमी ताकदीचा आणि पंपाचा दाब जास्त असला की तो व्हॉल्व्ह पूर्ण दाबून धरू शकत नाही. नवा ॲक्च्युएटर मागवताना दाबफरकाविरुद्ध बंद करण्याची त्याची क्षमता बघा, फक्त फ्लँजचं माप बघून चालत नाही.

दुसरं कारण त्याहून साधं: कोणीतरी पुरवठा हवेचा सेटपॉइंट (गाठायचं ठरवलेलं तापमान) ११-१२ अंशांवर आणून ठेवलेला असतो. कॉइलला ते कधीच गाठता येत नाही, व्हॉल्व्ह कायम १०० टक्के. सेटपॉइंट १४ केला की निम्मे व्हॉल्व्ह शुद्धीवर येतात. तिसरं, व्हीएफडी पंप लावताना जुने तीन-तोंडी व्हॉल्व्ह तसेच राहिलेले. त्यांची बायपास बाजू बंद केल्याशिवाय प्रवाह कमी होणारच नाही. मळलेली कॉइल आणि चोंदलेली गाळणी हे चौथं, पण लोक तिथूनच सुरुवात करतात कारण ते डोळ्यांना दिसतं.

हे झाल्यावरच थंड पाण्याचा सेटपॉइंट वाढवायचा विचार करा. १ अंश वाढवला की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने २-३ टक्के उतरते. आर्द्रता राखावी लागते तिथे (शस्त्रक्रिया विभाग, संग्रहालय) मात्र हात लावू नका.

मीटर_रीडर

थंड_पाणी, +१. कंडेन्सरचा (चिलरमधली उष्णता पाण्यात सोडणारा भाग) अप्रोच राहिला. रेफ्रिजरंटचं (चिलरमधल्या गॅसचं) संपृक्त तापमान वजा बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान. नळ्या स्वच्छ असताना साधारण १ ते २ अंश. त्याच लोडवर ४ दिसायला लागला की नळ्या घासायची वेळ झाली, वार्षिक तारीख येवो न येवो. लोड वेगळा असताना केलेली तुलना फसवी, हे विसरू नका.

गेटवे

अवांतर नाही, पण वेगळा मुद्दा. बीएमएस आता नेटवर्कवर आहे आणि त्याचा दरवाजा उघडा असतो. बॅकनेट/आयपी (बीएमएसची यंत्रं एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल) डीफॉल्ट यूडीपी पोर्ट ४७८०८ वर बोलतो आणि मूळ प्रोटोकॉलमध्ये ओळख तपासणीच नाही. नेटवर्कवर पोचलेला कोणीही व्हॉल्व्हला आज्ञा देऊ शकतो. नव्या बॅकनेट/एससीमध्ये कूटबद्ध जोडणी आहे, पण जुने कंट्रोलर लगेच बदलले जात नाहीत. म्हणून किमान एवढं करा: बीएमएससाठी वेगळं व्हीएलएएन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), इंटरनेटकडून येणारा पोर्ट बंद, कंत्राटदाराचा दूरस्थ प्रवेश मागितल्यावर चालू आणि काम संपल्यावर बंद, प्रत्येकाचं खातं वेगळं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानांची कार्डमाहिती चोरीला गेली, तेव्हा चोर शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचा लॉगिन वापरून.

करारात आणखी एक अट घाला: कंट्रोलरचा प्रोग्रॅम, पासवर्ड आणि लायसन्स मालकाकडे हवेत. एरवी प्रोग्रॅमची एकमेव प्रत कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर असते आणि कंत्राट बदललं की साधं वेळापत्रक बदलायलाही त्यालाच बोलवावं लागतं.

निळी_वायर

विजेकडे कोणी वळलंच नाही.

यूपीएसच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या २५ अंशांसाठी मोजलेल्या असतात. कायम १० अंश जास्त तापमानात ठेवल्या तर आयुष्य साधारण निम्मं. तरी बॅटरी रूमचा एसी सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो. बसवल्यावर लगेच प्रत्येक ब्लॉकचा अंतर्गत रोध मोजून ठेवा, तोच आधार. एखाद्याचा ५० टक्क्यांनी वाढला की डिस्चार्ज चाचणी घ्या, क्षमता ८० टक्क्यांखाली तर बदला. एक ब्लॉक उघडा पडला की सगळी माळ जाते. जुन्या माळेत एक-दोन नवे ब्लॉक घुसवणं हा तात्पुरता इलाज, कायमचा समजू नका.

लिथियमकडे ओढा आहे, जागा आणि वजन वाचतं म्हणून. पण आगीचा विचार वेगळा करावा लागतो. गॅसने ज्वाळा विझते, सेलमधली उष्णतेची साखळी त्याने थांबत नाही, तिला थंड करावं लागतं. जुन्या बॅटरी रूममध्ये नुसती अदलाबदल करायची नसते.

डीजी (डिझेल जनरेटर): रिकामा चालवून 'चाचणी झाली' लिहू नका. ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये न जळलेलं तेल आणि काजळी साचते. महिन्यातून एकदा ३० मिनिटं, निदान ३० टक्के लोडवर. इमारतीचा लोड पुरत नसेल तर लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम लोड देणारं यंत्र) आणा. आणि डीजी सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा इंजिन निर्दोष असतं, स्टार्टरची बॅटरी गेलेली असते.

एलईडी आणि संगणक वाढल्यापासून न्यूट्रल मोजायला विसरू नका. तिसऱ्या पटीचे हार्मोनिक (अशा उपकरणांमुळे येणारे मूळ वारंवारितेच्या पटीतले प्रवाह) तिन्ही फेजचे न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळतात, रद्द होत नाहीत. न्यूट्रलचा करंट फेजपेक्षा जास्त भरू शकतो आणि जुन्या केबलमध्ये न्यूट्रल अर्ध्या जाडीची असते. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरच वापरा. थर्मल कॅमेरा फिरवायचा तो लोड निदान ४० टक्के असताना. रविवारी सकाळी काढलेले फोटो सगळे सुंदरच येतात.

नवा_सुपरवायझर

फायर पंपाचं हँड/ऑटो पण बीएमएसवर घ्यावं का?

तिसरी_पाळी

हो, आधी तेच. शिवाय साप्ताहिक चाचणी हिरवं बटण दाबून घेऊ नका. त्याने मोटर सुरू होते एवढंच कळतं. चाचणीचा व्हॉल्व्ह उघडून लाइनचा दाब उतरवा: आधी जॉकी (लाइनचा दाब राखणारा छोटा पंप), मग मुख्य पंप, आणि मुख्याचा पुरवठा तोडला की डिझेल पंप, हे आपापल्या दाबाला आपोआप सुरू झाले पाहिजेत. अडतं ते प्रेशर स्विचमध्ये किंवा त्याच्या आधी कोणीतरी बंद ठेवलेल्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये. डिझेल पंप ३० मिनिटं चालू द्या. जॉकी तासाला चार-पाच वेळा उचकत असेल तर कुठेतरी गळती आहे. दाबाची सेटिंग खाली आणून ती लपवू नका. चाचणी संपल्यावर सगळे सिलेक्टर ऑटोवर आले का, हे दुसऱ्या माणसाने बघून सही करायची.

नळजोड

अर्धे लोक घरून काम करतात तेव्हापासून पाण्याचा प्रश्न बदललाय, त्यावर कमी बोललं जातं. मजले रिकामे, पाइपात पाणी उभं, क्लोरीन उडून गेलेला. लिजिओनेला (न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू) २० ते ४५ अंशांत वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या संमेलनानंतर लोक दगावले, त्याच्या तपासात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गरम पाणी साठवताना ६० अंश, परतीला ५० च्या खाली नको. वापर नसलेला प्रत्येक नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा तापमान स्थिर होईपर्यंत सोडायचा. शॉवरच्या तोंडाला पिशवी बांधून सोडा, तुषार श्वासात जाता कामा नयेत. काढून टाकलेल्या बेसिनचा बंद तोंडाचा पाइप उरला असेल तर मुख्य पाइपापाशी कापा. टोपी घालून सोडलेला पाइप धोका तसाच ठेवतो.

थंड_पाणी

त्यालाच जोडून हवेचं. रिकाम्या मजल्यावर ताजी हवा कमी करायला कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर लावतात. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतो, आत १,००० च्या आत ठेवायचा हा रूढ संकेत. पण या सेन्सरमध्ये आपोआप शून्य धरायची सोय असते. आठवड्याभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं तो गृहीत धरतो. चोवीस तास माणसं असलेल्या ठिकाणी (रुग्णालय, कॉल सेंटर) आतली हवा तिथवर कधी उतरतच नाही. सेन्सर हळूहळू कमी दाखवू लागतो आणि ताजी हवा खरोखरच कमी पडते. तिथे ती सोय बंद करून ठरावीक काळाने हाताने कॅलिब्रेट करा.

झाडलोट

स्वच्छतेतही वापरानुसार काम आलं आहे. प्रसाधनगृहाच्या दाराशी मोजणी, ठरावीक संख्या झाली की फेरी. चांगलं आहे, फक्त फेऱ्या कमी झाल्या म्हणून माणसंही तेवढीच कापू नका. गर्दी एकाच तासात येते. आणि रसायनं कितीही आधुनिक आणा, मिश्रणाचा डोस मशीनने पडू दे. हाताने ओतलं की दुप्पट पडतं, फरशी चिकट होते आणि लवकर मळते. ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीच एका ट्रॉलीवर शेजारी ठेवू नका, एकत्र आले तर क्लोरीन वायू. संगमरवरावर ॲसिड अजिबात नाही, चकाकी जाते ती घासूनच परत आणावी लागते.

झाडलोट

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

खतावणी

कराराबद्दल. निकालावर आधारित कंत्राट कागदावर छान दिसतं, पण मोजता काय त्यावर सगळं ठरतं. 'प्रतिसाद ३० मिनिटांत' मोजलं तर ३० मिनिटांत एक माणूस येऊन बघून जाईल. 'दुरुस्ती ४ तासांत' मोजलं तर तिकीट 'सुटे भाग येणे बाकी' या खान्यात जाईल, तिथे घड्याळ थांबतं. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: बंद केलेलं तिकीट ७ दिवसांत पुन्हा उघडल्याचं प्रमाण, एकाच यंत्रावर महिन्यात तिसऱ्यांदा आलेली तक्रार, आणि तापमान ठरलेल्या पट्ट्यात राहिलेले तास. पहिले दोन तिकिटांच्या नोंदीतून निघतात, तिसरा बीएमएसच्या लॉगमधून. कोणाचा अहवाल लागत नाही.

गैरहजेरीला दंड लावला की कंत्राटदार जागा भरायला कोणालाही उभं करतो. चिलरच्या पाळीला बागकाम करणारा. दंड कौशल्यावर हवा: या पाळीला अमुक परवाना असलेला माणूस नसेल तर कपात. आणि हस्तांतराच्या वेळी जुन्या-नव्या दोन्ही कंत्राटदारांनी एकत्र फिरून यंत्रांच्या स्थितीवर सह्या करायच्या, नाहीतर पहिले सहा महिने प्रत्येक बिघाड 'आधीचाच' असतो.

मीटर_रीडर

एआयवर कोणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. दोष शोधणारी सॉफ्टवेअर खरंच कामाची आहेत. गरम आणि थंड व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असं काही माणसाच्या नजरेतून महिनोन्महिने सुटतं, ती दुसऱ्या दिवशी दाखवतात. पण सुरुवातीला रोज शेकडो इशारे येतात आणि निम्मे चुकीच्या नावामुळे किंवा बिघडलेल्या सेन्सरमुळे. पहिल्या महिन्यात फक्त वाया जाणाऱ्या विजेच्या क्रमाने वरचे दहा इशारे उघडे ठेवा, बाकी झाका.

नवा_सुपरवायझर

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: आर-४१०ए गॅसवर चालणारी जुनी स्प्लिट एसी युनिटं आहेत. गॅस संपला की आर-३२ भरता येईल का? त्याचा तापमानवाढ निर्देशांक बराच कमी आहे म्हणतात.

थंड_पाणी

नाही. निर्देशांक कमी आहे हे खरं, ४१०ए चा २,०८८ आणि ३२ चा ६७५, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर (असे वायू कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) सगळे तिकडेच चाललेत. पण आर-३२ मंद ज्वलनशील वर्गात येतो. जुन्या युनिटचे रिले, टर्मिनल बॉक्स त्यासाठी बनलेले नाहीत, आणि कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज तापमानही वाढतं. शिवाय 'गॅस संपला' म्हणजे गळती आहे. आधी नायट्रोजन भरून फ्लेअर नट (गॅसच्या नळ्या जोडणारे नट) साबणाच्या पाण्याने तपासा, गळती काढा, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम ओढा, तो टिकतो का बघा, आणि ४१०ए च वजनावर भरा. द्रवरूपात भरायचा, मिश्रण आहे ते. युनिट बदलायची वेळ येईल तेव्हा आर-३२ चं नवंच घ्या. खोलीच्या आकाराला त्यात जास्तीत जास्त किती गॅस चालतो, ते त्याच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात असतं. लहान सर्व्हर रूमला तो तक्ता आधी बघा, मग ऑर्डर द्या.